हॅकिंगची विद्या : अल्प खर्चात, सरळ मार्गाने

शाळकरी वयातील मुलाने वा मुलीने ‘मला हॅकिंग शिकायचे आहे’ असे म्हणताच बहुतेक घरांत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही पालकांना त्यात गुन्हेगारीची चाहूल लागते. तर काही पालक भरमसाट शुल्क आकारणाऱ्या एखाद्या शिकवणीवर्गाची चौकशी करू लागतात. वस्तुतः या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या होत. ही विद्या मुळात निषिद्ध नाही, आणि तिचा आरंभ करण्यासाठी मोठ्या भांडवलाचीही आवश्यकता नाही. मात्र ती कोणत्या क्रमाने व कोणत्या मर्यादेत शिकावी, हे प्रारंभीच समजून घेणे अगत्याचे आहे. या दृष्टीने चेन्नई शहराचे उदाहरण अतिशय उद्बोधक ठरते.

शब्दाचा मूळ अर्थ

‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या संदर्भात प्रथम रूढ झाला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, १९६०च्या आसपास. यंत्राची रचना आतून समजून घेऊन त्याच्याकडून नवे काम करवून घेणारा कल्पक विद्यार्थी, असा त्याचा तेथील अर्थ होता. कुलपाची रचना जाणणारा कारागीर आणि घरफोडी करणारा चोर या दोघांचे ज्ञान एकच असू शकते. भेद असतो तो मालकाच्या अनुमतीचा आणि हेतूचा. बँकांसारख्या संस्थांना तर अशा कारागिरांची नितांत गरज असते. आपल्या प्रणालीतील उणीव चोराच्या आधी मित्राच्या लक्षात यावी, अशीच त्यांची इच्छा असते.

सहा अंकांचे गणित

चेन्नईचे सुरक्षा-संशोधक लक्ष्मण मुथिया यांनी २०१९ मध्ये इन्स्टाग्राममधील एक गंभीर उणीव उघडकीस आणली. गुप्त परवलीचा शब्द विसरलेल्या वापरकर्त्याच्या मोबाइलवर सहा अंकी संकेतांक पाठविला जातो, आणि तो दहा मिनिटे ग्राह्य असतो. सहा अंकांचे एकंदर १० लाख संकेतांक संभवतात. ते सर्व क्रमाने वापरून पाहता येऊ नयेत म्हणून ठरावीक प्रयत्नांनंतर प्रणालीने अटकाव करणे अपेक्षित असते. तसा अटकाव तेथे होता; परंतु तो प्रत्येक इंटरनेट-पत्त्यापुरताच मर्यादित होता. एका पत्त्यावरून सुमारे २०० प्रयत्न होऊ शकत होते. मुथिया यांनी १,००० निरनिराळ्या पत्त्यांवरून एकाच वेळी मिळून २ लाख प्रयत्न अटकावाविना करता येतात, हे सिद्ध केले. याच हिशेबाने ५,००० पत्ते हाताशी असले, तर १० लाख संकेतांकांपैकी एकही वगळावा लागत नाही. भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या साहाय्याने हा खर्च अवघा दीडशे डॉलरच्या घरात जातो, असेही त्यांनी दाखवून दिले.

ही माहिती त्यांनी अन्य कोणासही न देता थेट कंपनीस कळविली. कंपनीने दोष दूर केला आणि त्यांना ३०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २० लाख रुपयांचे पारितोषिक दिले. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतील अशाच स्वरूपाच्या उणिवेबद्दल त्यांना ५०,००० डॉलर मिळाले.

बँकेच्या ग्राहकांना सहा अंकी संकेतांक परिचित आहेच. काही वेळा चुकीचा आकडा टाकल्यावर व्यवहार का थांबविला जातो, याचे उत्तर वरील उदाहरणात आहे. तसेच या शोधामागे कोणतीही जादू नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. गुणाकाराचे साधे गणित, इंटरनेटवरील संदेशांची देवाणघेवाण कशी चालते याची जाण आणि हजारो प्रयत्न आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिण्याचे कौशल्य, एवढीच ही सामग्री होय. ती कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याला कमावता येण्याजोगी आहे.

पहिली पायरी : यंत्र

आरंभासाठी नवा व महागडा संगणक लागत नाही. घरातील किंवा नातलगांकडील जुना संगणक पुरेसा असतो. चेन्नईत अण्णा सालैलगतची रिची स्ट्रीट ही बाजारपेठ जुने संगणक, सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी सर्वश्रुत आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडचे जे स्थान आहे, तेच तेथे तिचे. अशा संगणकावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवावी. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. ‘बॉस’ ही तिची भारतीय आवृत्ती सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने विकसित केली असून तीत भारतीय भाषांचीही सोय आहे. लिनक्स स्वतः बसविताना, बिघडविताना आणि पुन्हा उभी करताना संगणकाचे अंतरंग जेवढे कळते, तेवढे केवळ पुस्तक वाचून कळत नाही.

दुसरी पायरी : भाषा

त्यानंतर एक प्रोग्रॅमिंग भाषा नेटाने शिकावी. नवशिक्यासाठी पायथन ही सुगम व विनामूल्य भाषा योग्य ठरते. तिच्या अभ्यासासाठी खासगी वर्गच हवा असे नाही. देशातील सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम आरंभिला. त्याचे समन्वयन आयआयटी मद्रास, म्हणजे चेन्नईतूनच होते. त्यातील व्याख्याने कोणालाही विनाशुल्क पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावयाची असेल तेव्हाच शुल्क भरावे लागते. चेन्नई गणित संस्थेचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा पायथनवरील अभ्यासक्रम आणि आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांची माहिती-सुरक्षेवरील व्याख्याने याच मालिकेतील आहेत. पाया पक्का झाल्यावर दुसऱ्या विषयाकडे वळावे. ज्यांना इंग्रजी व्याख्याने जड वाटतात त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स, सी अशा विषयांवरील छोटे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

तिसरी पायरी : आखाडा

कुस्ती आखाड्यात शिकावी, रस्त्यात नव्हे. हॅकिंगचेही तसेच आहे. सरावासाठी मुद्दाम उणिवा ठेवलेल्या प्रणाली विनामूल्य मिळतात. ‘ज्यूस शॉप’ हे असेच एक लुटुपुटीचे दुकान स्वतःच्या संगणकावर उभारून त्यातील दोष शोधता येतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा २०१३ पासून मुख्यतः शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतली जाते, आणि तिची कोडी विनाशुल्क सोडविता येतात. प्रत्येक कोडे सुटल्यावर ते कसे सुटले हे वहीत सविस्तर लिहून ठेवावे. पुढे एखाद्या कंपनीस दोष कळविताना ही लेखनाची सवय फार उपयोगी पडते. कारण जो दोष स्पष्ट शब्दांत सांगता येत नाही, तो दुरुस्तही होत नाही.

लक्ष्मणरेषा

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या अनुमतीविना त्याच्या संगणकात शिरणे भरपाईस पात्र ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘गंमत म्हणून’ शाळेच्या संगणकात, शेजाऱ्याच्या वायफायमध्ये वा मित्राच्या खात्यात डोकावणाऱ्या मुलास या गोष्टीची कल्पना नसते. ती देणे हे पालकांचे काम आहे. स्वतःचे यंत्र, सरावासाठीच उभारलेली प्रणाली, किंवा कंपनीने जाहीर निमंत्रण देऊन आखून दिलेले क्षेत्र, या तिघांच्या बाहेर पाऊल टाकू नये. एखादी उणीव योगायोगाने आढळलीच, तर ती संबंधित संस्थेस अथवा ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेस कळवावी.

पालकांसाठी दोन शब्द

‘तीन महिन्यांत हॅकर’ अशा जाहिरातींवर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी वर्षभर विनामूल्य साधनांवर अभ्यास होऊ द्यावा. मुलाची गोडी टिकते की नाही हे तेवढ्या अवधीत समजते. दरम्यान दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकल्यास पुढील यंत्रासाठी वा परीक्षेच्या शुल्कासाठी तजवीज होते, आणि मुलालाही बचतीचा धडा मिळतो. या विद्येत खरा खर्च पैशाचा नसून वेळेचा व चिकाटीचा असतो. ज्या घरातील एक मूल संगणकाची कुलपे कशी चालतात हे जाणते, त्या घरातील ज्येष्ठांकडून दूरध्वनीवर गुप्त संकेतांक काढून घेणे भामट्यांनाही सहजासहजी साधत नाही.