फियाटच्या टाकीतला मका

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये तीन ठिकाणी सुरू झाले: मिरज, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातले मनमाड. तेव्हा मिश्रण ५ टक्क्यांचे होते. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. हे उद्दिष्ट मुळात २०३० साठी ठरले होते, ते पाच वर्षे आधीच गाठले गेले. नाशिककरांच्या दृष्टीने यात आनंदाची बाजू नक्कीच आहे. दिंडोरी-निफाडचा ऊस आणि येवला-मालेगावचा मका या दोन्ही पिकांना त्यातून हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. पण त्याच शेतकऱ्याच्या वाड्यात वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर उभी असते, आणि तिचे इंजिन घडले तेव्हा असे पेट्रोल कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलचा एक किलो नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर २० टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. आजच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंधन वाढवतो. पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला मात्र असले काही कळत नाही. पितळी जेटला जेवढे भोक, तेवढेच पेट्रोल तो सोडणार. मग हवा जास्त आणि इंधन कमी, म्हणजे मिश्रण ‘लीन’ होते. सकाळी गाडी चोक दिल्याशिवाय उठत नाही, अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर दम खाते, चढावर मिसिंग मारते. प्लग काढून पाहिला तर बिस्किटी रंगाऐवजी टोक पांढुरके दिसते. याच अवस्थेत गाडी वर्षभर पळवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून खराब होतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा मुख्य जेट ११५ चा आहे. त्याजागी १२० चा बसवला तर भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि तूट साधारण तेवढीच असते. जेट बदलायचा, आयडलिंगचा स्क्रू जुळवायचा, शंभरेक किलोमीटर चालवून प्लगचा रंग पुन्हा बघायचा. जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ड्रिल घालून जेटचे भोक मोठे करणाऱ्याच्या हाती मात्र गाडी देऊ नका.

अॅव्हरेज कमी होणार, ते कोणत्याही जेटने भरून निघत नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले आहे. ‘काहीच फरक पडत नाही’ असे सांगणाऱ्यांनी तो अहवाल वाचावा.

खरा धोका रबर आणि धातूला आहे. जुना पेट्रोलचा पाइप इथेनॉलने आधी फुगतो, मऊ होतो, आणि गाडी उभी राहून सुकला की त्याला चिरा पडतात. पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाच्या डायफ्रामचे तेच. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागते, म्हणून इथे काटकसर नको. पाइप, डायफ्राम, निडल व्हॉल्व्हचे टोक, सील हे सगळे इथेनॉल सोसणाऱ्या, शक्यतो व्हिटॉनच्या, रबराचे घ्या. त्याहून जुन्या काही गाड्यांत कॉर्कचे फ्लोट असतात, त्यांवर लाखेचा लेप असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ५० वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या वाहनांना २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. तो घेणाऱ्यांनी मूळपणा जपण्याच्या हट्टापायी जुने पाइप ठेवू नयेत.

आणि पाऊस. इथेनॉल हवेतली ओल ओढते. इगतपुरीच्या पावसात अर्धी टाकी घेऊन चार महिने उभी असलेली गाडी म्हणजे दुखणे ओढवून घेणे. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिन पेट्रोल खेचते तेही तळातूनच. अशा गाडीच्या कार्ब्युरेटरचे झाकण उघडले की फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी आणि वाटीच्या धातूला खडबडीत खड्डे दिसतात. तो कार्ब्युरेटर पुन्हा पूर्ववत होत नाही. गाडी उभीच ठेवायची तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा. खरे औषध मात्र आठवड्यातून एकदा ती नीट तापेपर्यंत चालवणे हेच आहे. पहिल्या दोन-चार टाक्यांनंतर फिल्टरही बदला, कारण इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा आणि गंज सोडवून पुढे ढकलते.

उन्हाळ्यातला त्रास वेगळा: कसारा घाट चढताना पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर एसी पंपावर ओले फडके ठेवत, ती युक्ती आजही लागू पडते.

थोडक्या खर्चात या गाड्या टिकतात, त्यामुळे घाबरून भंगारात काढण्याचे कारण नाही. पण सगळा भार मालकांवरच का? ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण सर्वत्र आणले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी ५ टक्क्यांचे सुपर पेट्रोल चालू ठेवले. आपल्याकडे इथेनॉलविरहित पर्यायाची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तेव्हा आता हा निर्णय सरकार आणि तेल कंपन्यांनीच घ्यायचा आहे. जिथे या प्रयोगाची सुरुवात झाली, त्या जिल्ह्यात निदान एका पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल, जास्त दराने का होईना, मिळावे आणि प्रत्येक नोझलवर मिश्रणाची टक्केवारी ठळक लिहिलेली असावी.

तोपर्यंत पावसाळ्याआधी पेट्रोलचे पाइप बदलून घ्या.