आमच्या घरात कुणाला नाही!

छातीत गाठ हाताला लागते, तरी ‘आमच्या घरात कुणालाच नाही’ म्हणून ती अंगावर काढली जाते. त्यात ती दुखत नसेल तर विचारायलाच नको. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आणि सदोष जनुकाच्या वारशाने होणारे स्तनाचे कर्करोग जेमतेम 5 ते 10 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जवळपास निम्म्या रुग्णांत बाई असणं आणि चाळिशी उलटणं, याखेरीज जोखमीचं वेगळं कारण सापडत नाही.

वारसा असतो तिथेही आपण तो अर्धाच मोजतो. डॉक्टरांनी विचारलं की आई, आजी, मावशी आठवतात. आत्या राहून जाते. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांतला दोष वडिलांकडूनही येतो, मुलग्यांनाही मिळतो. पुरुषांना हा आजार क्वचित होतो, पण होतो.

काळी ब्रा, घट्ट ब्रा, डिओडरंट यांच्यावर मात्र पुराव्याशिवाय आळ. नातवाची लाथ लागून गाठ झाली, असंही सांगतात. लाथेमुळे हात तिथे जातो आणि आधीचीच गाठ सापडते.

‘दोन्ही पोरं अंगावर पाजलीत’ यात तथ्य आहे, पण बेताचं. 30 देशांतल्या अभ्यासांचा 2002 सालचा एकत्रित निष्कर्ष असा, की एकूण 12 महिने पाजण्यामागे जोखीम सुमारे 4.3 टक्क्यांनी घटते. कवचकुंडलं नव्हेत ती! पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं किंवा न होणं, यांनी जोखीम वाढते. शरीराचा इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी संबंध लांबतो, हे त्याचं मोठं कारण. मुंबईत या कर्करोगाचं प्रमाण बार्शीच्या ग्रामीण भागापेक्षा कितीतरी जास्त आढळलं, त्यात बदललेल्या राहणीचा हात आहे. दारू, अगदी थोडीसुद्धा, याच यादीत येते.

‘पाळी गेली, आता कसली भीती?’ हा मला सगळ्यांत घातक समज वाटतो. वयाबरोबर धोका वाढतो, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून तेव्हाचा लठ्ठपणा जास्त नडतो. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने स्तनतपासणी केली. त्या वस्त्यांतल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.