नवख्यांची इंग्रजी नावं

खेळातला 'रुकी' आणि गेमिंगमधला 'नूब' सगळ्यांच्या ओळखीचे. माझा लाडका मात्र 'ग्रिफिन'! कंपनी सरकारच्या काळात विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या साहेबाला इथले मुरलेले साहेब ग्रिफिन म्हणत. हिंदुस्थानात वर्ष काढलं की बिचाऱ्याची त्यातून सुटका. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात याची झकास नोंद आहे, जरूर वाचा. 'ग्रीनहॉर्न' म्हणजे आधी कोवळ्या शिंगांचा बैल, मग अननुभवी माणूस. 'टेंडरफूट' अमेरिकेच्या पश्चिमेचा: खाणींवर, गुरांच्या कुरणांवर नव्याने आलेला. पुढे बेडन-पॉवेल यांच्या स्काउटमध्ये ती पहिली पायरी झाली. 'टायरो' थेट लॅटिनमधून आलेला. रोमन सैन्यात नवी भरती झालेला शिपाई. तुमच्या ऑफिसात नव्या माणसाला काय म्हणतात, सांगा!