एका खड्ड्यात ७४ डायनासोर आणि त्यातले बहुतेक शिकारी. युटाच्या कच्च्या रस्त्यावरचं हे कोडं काय आहे?

जंगलाचा हिशोब साधा असतो. हरणं ढिगाने, वाघ मोजके. एका वाघाचं पोट भरायला मोठा कळप लागतो. डायनासोरच्या काळातही हेच गणित होतं. पण अमेरिकेतल्या युटा राज्यात एका ठिकाणी हे गणित पार उलटं झालंय.

ते ठिकाण म्हणजे क्लीव्हलँड-लॉइड डायनासोर क्वारी. गेल्या शतकात इथं १२,००० हून जास्त हाडं सापडली. ती किमान ७४ डायनासोरची आहेत आणि त्यातले किमान ४६ एकट्या अ‍ॅलोसॉरस जातीचे. अ‍ॅलोसॉरस म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्सच्याही कितीतरी आधीचा शिकारी. इथं दर चार प्राण्यांमागे साधारण तीन मांसाहारी निघालेत.

इथं जायचं कसं?

प्राइस हे जवळचं मोठं गाव. तिथून क्वारी साधारण ५० किलोमीटर दक्षिणेला आहे. त्यातले शेवटचे वीसेक किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे टाकी फुल करून आणि भरपूर पाणी घेऊनच निघायचं. क्वारी वर्षभर उघडी नसते, त्यामुळे तारखा आधी बघून घ्यायच्या. २०१९ पासून या जागेला ‘जुरासिक नॅशनल मॉन्युमेंट’ असा दर्जा आहे.

मग एवढे शिकारी एकत्र आले कसे?

जुनं उत्तर असं: इथं चिखलाचं डबकं होतं. एखादा शाकाहारी प्राणी त्यात रुतला, त्याला खायला शिकारी आले आणि तेही रुतले. ऐकायला पटतं. पण रुतलेल्या प्राण्याचा सांगाडा बऱ्यापैकी जागच्या जागी सापडायला हवा. इथं हाडं इकडेतिकडे विखुरलेली आहेत. शिवाय त्यांच्यावर दातांच्या खुणाही फार कमी आहेत.

काही जण म्हणतात, दुष्काळात उरलेल्या पाण्याभोवती प्राणी जमले आणि तिथंच मेले. काहींना पाण्यात विष असल्याचा संशय आहे. २०१७ मध्ये संशोधकांनी हाडांचे बारीक तुकडे आणि मातीतले जड धातू तपासून वेगळी शक्यता मांडली. प्राणी दुसरीकडे मेले, पुरांबरोबर त्यांची मढी वेळोवेळी या उथळ तळ्यात वाहून आली आणि इथंच कुजली. पाणी इतकं खराब झालं की त्यांना खायला कोणी फिरकलं नाही. तरीही एवढे अ‍ॅलोसॉरसच का, हा वाद मिटलेला नाही.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी उत्तरं नुसत्या हाडांतून आलेली नाहीत. हाड कुठल्या थरात होतं, कुठल्या दिशेला पडलं होतं, शेजारी काय होतं, यातून ती आली आहेत.

दुपारी दरीत

क्वारीनंतर दक्षिणेला सॅन राफाएल स्वेलकडे जाता येतं. इथली जमीन साधारण ६ ते ४ कोटी वर्षांपूर्वी घुमटासारखी वर उचलली गेली. मग पाण्याने ती कापली आणि आतले थर उघडे पडले. ‘वेज’ नावाच्या कड्यावरून खाली सॅन राफाएल नदीची दरी दिसते. लोक तिला ‘लिटल ग्रँड कॅन्यन’ म्हणतात.

तिथून बकहॉर्न ड्रॉच्या कच्च्या रस्त्याने नदीकडे उतरताना दोन्ही बाजूंचे खडक अधिकाधिक जुने होत जातात. वाटेत एका भिंतीवर २,००० हून जास्त वर्षं जुनी मानली जाणारी लाल चित्रं आहेत. येणाऱ्यांनी त्यावर आपली नावं कोरून ती खराब केली होती. १९९० च्या दशकात तज्ज्ञांना ती दुरुस्त करावी लागली.

हा रस्ता पावसात मात्र टाळाच. ओली माती साबणासारखी घसरते आणि पाऊस लांब कुठे पडला तरी कोरड्या ओढ्याला अचानक पूर येतो.

एक तुकडा उचलला तर काय बिघडतं?

२००९ च्या कायद्यानुसार अमेरिकेतल्या सरकारी जमिनीवरून डायनासोरचं हाड किंवा पावलाचा ठसा परवान्याशिवाय नेणं गुन्हा आहे. अनेक सरकारी जमिनींवर शिंपल्यांसारखे साधे जीवाश्म स्वतःपुरते थोडे घेता येतात, पण मॉन्युमेंटच्या हद्दीत तेही नाही.

२०१४ मध्ये युटातल्याच मोआबजवळ एकाने सुमारे १९ कोटी वर्षं जुना पावलाचा ठसा उखडून नेला. तपास मागे लागला, पाणबुड्यांनी कोलोरॅडो नदी धुंडाळली, पण ठसा मिळाला नाही.

हाड जागेवरून हललं की त्याचा थर, दिशा आणि शेजार कायमचा जातो. नंतर परत आणून दिलं तरी ते नुसतं हाडच उरतं. त्यामुळे असं काही दिसलं तर हात न लावता फोटो काढा, जागेची नोंद करा आणि तिथल्या अधिकाऱ्यांना कळवा. कदाचित अ‍ॅलोसॉरसच्या कोड्याचं उत्तर त्याच तुकड्यात असेल.