रायफल आणि कार्बाईन : नळींतील आट्यांचा इतिहास

बंदूक आणि रायफल हे दोन शब्द आपल्याकडे बहुधा एकाच अर्थानें योजिले जातात. वस्तुतः त्यांत भेद आहे. परंतु तो बाहेरून दिसत नाहीं, कारण तो नळीच्या पोटांत असतो. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळींत मळसूत्रासारखे फिरत गेलेले आटे कोरलेले असतात. एवढ्याशा आट्यांनीं युद्धाची रीत कशी पालटली, व आपल्या देशाच्या इतिहासाशीं त्यांचा काय संबंध आला, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

आट्यांचें कार्य समजण्यास भोवऱ्याचें उदाहरण पुरेसें आहे. भोवरा वेगानें फिरत असतो तोंपर्यंत आरेवर ताठ उभा राहतो. वेग मंदावला कीं डगमगून आडवा होतो. त्याचप्रमाणें आट्यांत रुतून बाहेर पडणारी गोळी स्वतःभोंवतीं गरगर फिरते व त्यामुळें आपली दिशा सोडीत नाहीं. गुळगुळीत नळीची वाटोळी गोळी नळीपेक्षां किंचित् लहान असे. ती आंतल्या बाजूंवर आदळत बाहेर पडे आणि वाटेल तशी भरकटे. अठराव्या शतकांतील इंग्रज शिपायाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीनें शंभर यार्डांपलीकडील एकट्या मनुष्यावर नेम धरणें म्हणजे बरेंचसें दैवावर सोपविणेंच होतें. म्हणूनच त्या काळीं पलटणी ओळीनें उभ्या राहून एकदम बार काढीत.

आट्यांची युक्ति इ. स. १५०० च्या सुमारास जर्मन कारागिरांस अवगत होती. मग सैन्यांनीं तिचा सरसकट अंगीकार करण्यास तीन शतकांहून अधिक काळ कां लावला? याचें उत्तर ठासणींत आहे. गोळी आट्यांत घट्ट बसावी म्हणून ती तेलकट चिंधींत गुंडाळून नळीच्या तोंडांतून गजानें नेटानें ठासावी लागे, आणि रणांगणावर इतकी सवड कोणास असणार? इंग्रज सैन्यानें १८०० सालीं बेकर रायफल घेतली, ती निवडक तुकड्यांपुरतीच. ही अडचण १८४९ च्या सुमारास मिनिए नामक फ्रेंच अधिकाऱ्यानें दूर केली. त्याची गोळी लांबट व तळाशीं पोकळ होती. ती नळींत सहज उतरे. बार होतांच दारूच्या दाबानें तिचा तळ फुगे आणि आट्यांत रुते.

याच तत्त्वावर १८५३ सालची एन्फील्ड रायफल घडली. तिची नळी ३९ इंच लांब असून तींत तीन आटे होते. दारू व गोळी एकाच कागदी काडतुसांत असत. शिपायानें काडतूस दातांनीं तोडावें, दारू नळींत ओतावी व वंगण लावलेल्या कागदासह गोळी ठासावी, अशी कवाईत होती. १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळील डमडम येथें अशी वार्ता उठली, कीं त्या वंगणांत गाईची व डुकराची चरबी आहे. पुढें वंगण ज्याचें त्यानें लावावें व काडतूस हातानें तोडावें अशी मुभा मिळाली. पण गेलेला विश्वास परतला नाहीं. २४ एप्रिल रोजीं मेरठ येथें तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदांपैकीं पंचाऐंशी स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारिलें. त्यांस बेड्या पडल्या, आणि १० मे रोजीं उठाव झाला. उठावाचीं कारणें पुष्कळ होतीं, काडतूस हें त्यांतील एक. तरीहि शिकण्यासारखें हें आहे, कीं गोळीच्या पोकळ तळाचा सूक्ष्म विचार करणाऱ्यांनीं, तें काडतूस ज्याच्या दातांत जावयाचें त्या मनुष्याच्या मनाचा विचार केला नाहीं.

पुढील सुधारणा नळी मागून भरण्याची होय. प्रशियाच्या सैन्यानें अशी रायफल १८४१ सालींच स्वीकारिली होती. १८६६ सालीं कोनिगग्रेट्झच्या लढाईंत प्रशियन शिपाई निजल्या निजल्या बंदूक भरूं शकत, तर ठासणीवाल्या ऑस्ट्रियन शिपायास उभें राहावें लागे. त्यानंतर धातूचीं काडतुसें आलीं. १८८४ सालीं व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें धूर न करणारी दारू सिद्ध केली. १८९५ ची ली-एन्फील्ड ही याच परंपरेंतील. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून प्रसिद्ध झालेली रायफल ती हीच, ०.३०३ इंच हा तिच्या नळीचा व्यास.

आतां कार्बाईन. घोड्यावर बसलेल्या स्वारास लांब नळी अडचणीची, म्हणून त्यास आंखूड बंदूक देत, तीच कार्बाईन. नळी आंखूड झाली कीं हाताळणें सोपें होतें. पण गोळीचा वेग घटतो व धक्का वाढतो. १९०३ सालीं इंग्रजांनीं सुमारें २५ इंच नळीची ली-एन्फील्ड काढून पायदळ व घोडदळ या दोहोंस एकच हत्यार दिलें. पुढें घोडे गेले, तरी आंखूड हत्याराची गरज राहिली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें साठ लाखांहून अधिक ‘एम-१’ कार्बाईन बनविल्या. आजच्या ‘एम-४’ ची नळी अवघी साडेचौदा इंचांची आहे. १९४७ ची कलाश्निकोव्ह रायफलहि मध्यम शक्तीच्या लहान काडतुसावर बेतलेली असून, चाप दाबून धरल्यास ती सतत गोळ्या झाडते.

आपल्या देशांत खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ सालचा. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत ली-एन्फील्ड व स्वातंत्र्योत्तर काळांत भारतीय सैन्याच्या रायफली झाल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर कलाश्निकोव्हधारी हल्लेखोरांसमोर आपल्या पोलिसांच्या हातीं जुनी थ्री नॉट थ्री होती, हें विसरतां येणार नाहीं. हत्यार कोणत्या काळाचें आहे यावर कधीं कधीं रक्षण करणाऱ्याचे प्राण अवलंबून असतात.

डमडमचें नांव आणखी एका गोष्टीसाठीं लक्षांत ठेवावें. तेथें १८९० नंतरच्या दशकांत शरीरांत शिरतांच पसरणारी गोळी तयार झाली. तिनें होणाऱ्या जखमा इतक्या भयंकर असत, कीं १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत अशा गोळ्या युद्धांत वर्ज्य ठरविणारी घोषणा झाली. जें करतां येतें तें सर्व करावेंच असें नाहीं, हें तेथें राष्ट्रांनीं निदान एकदां तरी मान्य केलें. आमच्यापैकीं जे विद्यार्थी राष्ट्रीय छात्रसेनेंत जाऊन नेमबाजी शिकतील, त्यांनीं आट्यांचें गणित अवश्य समजून घ्यावें. पण चापावरील बोट आपलें असतें, आणि त्याचा जाब रायफलीस कोणी विचारीत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.