दगडाच्या पोटातली आई

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची, तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घरी गल्लीतली सारी पोरं जमायची म्हणे. हे मामाकडून ऐकलेलं. माझा जन्म नंतरचा. संवाद इंग्रजीत, कळायचं फारसं नाही. पण स्पॉकचे टोकदार कान आणि उभ्या जागी विरघळून जाणारी माणसं एवढं पुरेसं होतं. मामाच्या डोक्यात पक्का बसलेला भाग ‘तो खडकातला राक्षस’. परवा तोच आम्ही पुन्हा पाहिला. मामा, मी आणि माझी आठ वर्षांची लेक.

‘द डेव्हिल इन द डार्क’ हे त्या भागाचं नाव, अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला ९ मार्च १९६७ रोजी. लेखक जीन कून. जेनस-६ ग्रहावर खोल खाणी आहेत. अंधारातून काहीतरी येतं आणि कामगार जळून मरतात. पन्नासाच्या वर बळी गेलेले. कॅप्टन कर्क आणि स्पॉक शोधाला उतरतात. हा प्राणी, हॉर्टा, हाडामांसाचा नाही, सिलिकॉनचा आहे. वाळवी लाकूड पोखरते तसा तो आम्लाने खडक पोखरत हिंडतो.

आज हॉर्टा पाहून हसूच येतं. गोधडीखाली माणूस रांगतोय, हे लेकीनेही लगेच ओळखलं! (यानोस प्रोहास्का या कलाकाराने तो पोशाख स्वतः बनवला आणि स्वतःच त्यात शिरला.) पण स्पॉक त्या जखमी जिवाच्या मनाशी मन जोडतो, तिच्या वेदनेने ओरडतो, आणि हसू थांबतं. खाणीत सापडणारे जे गोल दगड कामगारांनी निरुपयोगी म्हणून फोडून टाकले, ती तिची अंडी होती. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सारी जात मरते. मागे एकच उरते, पिल्लं सांभाळायला. तीच ही.

“हे मला आठवतच नव्हतं गं,” मामा म्हणाला. त्याला आठवत होता फक्त धूर आणि किंकाळ्या.

मला आवडली ती वेगळीच जागा. आधी स्पॉक म्हणतो, शक्य तर जिवंत पकडू. कर्क म्हणतो, मारायचंच. मग कर्क तिच्यासमोर एकटा सापडतो, ती हल्ला करत नाही, आणि बंदूक हातात असून त्याचा हात थांबतो. आता मित्राच्या काळजीने स्पॉकच ओरडतोय, मार तिला!

शेवटची तडजोड मात्र खटकते. पिल्लं बोगदे खणतील, माणसं खनिज उचलतील, खाणमालक खूश. फायदा नसता तर ती आई वाचली असती का?

१९६६ ते १९६९ या काळात मालिकेचे ७९ भाग दाखवले गेले, मग एनबीसीने ती बंद केली. खरी लोकप्रियता मिळाली ती नंतरच्या पुनःप्रक्षेपणांतून. सगळेच भाग असे नाहीत. ‘स्पॉक्स ब्रेन’मध्ये स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो, तो अर्ध्यावर बंद केला तरी चालेल. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ मात्र चुकवू नये. शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा निघतो आणि जहाजावरचाच एकजण स्पॉककडे संशयाने पाहू लागतो.

हॉर्टाची जखम डॉक्टर मॅकॉय कुरकुर करत चक्क बांधकामाच्या काँक्रीटने लिंपतो. हात बरबटलेले, चेहऱ्यावर विलक्षण आनंद. तेवढं दृश्य लेकीने तीनदा लावायला सांगितलं.