सेमिनरी हिल्स ते लॉ कॉलेज चौक

नागपुरात कुठल्याही ऑटोवाल्याला ‘सेमिनरी हिल्स’ सांगितलं की तो पुढे काही विचारत नाही. ‘लॉ कॉलेज चौक’ म्हटलं तरी नाही. दोन्ही नावं आमच्या तोंडात इतकी रुळली आहेत की त्यांचा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. टेकडीवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, कॅथलिक फादर घडवणारं विद्यालय, म्हणून ती सेमिनरी हिल्स. चौकाजवळ विद्यापीठाचं लॉ कॉलेज आहे, म्हणून तो लॉ कॉलेज चौक. एका ठिकाणी चर्चचा कायदा शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी देशाचा. मधे दोन-तीन किलोमीटरचा रस्ता. मी वकील होऊन तीस वर्षं झाली. हा रस्ता रोजचा, पण ही दोन शिक्षणं एका छताखाली कधी का आली नाहीत, हा प्रश्न मला एका पक्षकार बाईंनी पाडला. त्यांच्याकडे मी नंतर येते.

आधी १९५६ साल. नागपूरच्या माणसाला या वर्षाचं वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, शहराचं राजधानीपण गेलं आणि इथलं हायकोर्ट मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ झालं. त्याच वर्षी सेमिनरी हिल्सवर सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज निघालं, आमच्या भाषेत ‘एस.एफ.एस.’. आणि त्याच वर्षी नियोगी समितीचा अहवाल आला.

डॉ. भवानीशंकर नियोगी हे नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे त्यांना परत जायला सांगावं, दवाखान्यासारखी सेवा धर्मांतरासाठी वापरायला कायद्याने बंदी घालावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. देशभर त्यावर वाद पेटला आणि तो अजून विझलेला नाही. ज्या शहरात हा अहवाल तयार झाला, त्याच शहरात, त्याच वर्षी चर्चने कॉलेज काढलं, आणि ते सगळ्या जातिधर्मांच्या मुलांनी भरलं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. याच नियोगींनी त्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला. श्रद्धा बदलण्याचा हक्क या शहराने किती बाजूंनी पारखला आहे, हे यावरून कळतं.

एस.एफ.एस.मधून बाहेर पडलेल्यांत शरद बोबडे आहेत. त्यांचा जन्मही १९५६ चा. शाळा एस.एफ.एस., बी.ए. एस.एफ.एस., आणि १९७८ मध्ये कायद्याची पदवी मात्र नागपूर विद्यापीठाची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. बी.ए. टेकडीवर आणि एलएल.बी. खाली गावात, ही आमच्याकडची नेहमीची वाट. टेकडीवर तत्त्वज्ञान, इंग्रजी, इतिहास शिकायचा, आणि कायद्यासाठी उतरायचं.

टेकडीवरचं कॉलेज चालवण्याचा हक्क ज्या कलमावर उभा आहे, त्या कलमाचा अर्थ मात्र चौकाजवळ शिकवून गेलेल्या माणसाने लावला.

मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजला शिकून, बॅरिस्टर होऊन ते १९३० मध्ये नागपुरात परतले. वकिली करता करता विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवायचे. पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, मग सुप्रीम कोर्ट, आणि १९६८ मध्ये सरन्यायाधीश. त्याच वर्षी त्यांच्यासमोर रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा खटला आला, ‘फादर डब्ल्यू. प्रूस्ट विरुद्ध बिहार राज्य’. जेसुइट फादरांनी १९४४ मध्ये काढलेलं हे कॉलेज. बिहार सरकारने कायदा केला की कॉलेजांतल्या शिक्षकांच्या नेमणुका आणि बडतर्फी विद्यापीठ सेवा आयोगाच्या शिफारशीनेच होईल. नंतर अल्पसंख्याकांच्या कॉलेजांसाठी सवलत ठेवली. फादरांनी ती मागितली. सरकारचं म्हणणं, तुमच्याकडे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात, तुम्ही कुठली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जपत नाही, मग अल्पसंख्याक संस्थेचा हक्क तुम्हाला कसा?

वरवर पाहता मुद्दा बिनतोड वाटतो. हिदायतुल्लांनी दोन कलमं शेजारी ठेवून वाचली. २९ वं कलम आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. ३० वं कलम धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. दुसऱ्या हक्काला पहिल्याची अट लावता येत नाही. ‘आपल्या पसंतीच्या’ या शब्दांतच सगळं आलं. एखाद्या समाजाला सर्वांसाठी सामान्य शिक्षण देणारं कॉलेज काढावंसं वाटलं, तर तीही त्याची पसंतीच. दार सगळ्यांना उघडं ठेवलं म्हणून घरावरचा हक्क जात नाही. निकाल अगदी छोटा आहे. पण आज कुठलंही कॅथलिक कॉलेज मराठी, हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलांनी भरलेलं असूनही आपला कारभार आपण पाहतं, त्यामागे नागपूरच्या या न्यायाधीशाचं हे वाचन आहे. पुढे १९७४ चा अहमदाबादच्या सेंट झेवियर्सचा निकाल आणि २००२ चा टी. एम. ए. पै निकाल यांनी या हक्काला मर्यादाही घातल्या: दर्जा, हिशोब आणि शिक्षकांना न्याय यांसाठी सरकार नियम करू शकतं. त्या मर्यादा मला योग्यच वाटतात.

म्हणजे हक्क आहे, कॉलेज आहे, टेकडी आहे. कायद्याचा वर्ग तेवढा टेकडीवर नाही. चर्चला कायदा परका असता तर हे समजण्यासारखं होतं. पण युरोपात विद्यापीठात कायदा शिकवायची रीत पडली तीच दोन कायद्यांची. बोलोन्यात ग्रेशनने ११४० च्या सुमारास चर्चचे विखुरलेले, एकमेकांना छेद देणारे नियम गोळा केले आणि त्यांची संगती लावली. शेजारी रोमन कायदा शिकवत. दोन्ही शिकलेला तो ‘उभय कायद्यांचा आचार्य’. रोमन कायद्याकडे मुलांचा ओढा इतका वाढला की पॅरिसमध्ये तो शिकवायला १२१९ मध्ये पोपनेच बंदी केली. धर्मशास्त्राचे वर्ग ओस पडतील ही धास्ती.

या इतिहासातली एक गोष्ट मराठी वाचकाला लगेच पटेल. आपल्याकडे पेशवाईतही वतनाच्या भांडणात साक्षी-पुरावे अपुरे पडले की दिव्य करायचे. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हातावर पिशवी बांधून वर मोहोर करायची. ठरल्या दिवशी पंचांसमोर पिशवी सोडायची. फोड दिसला तर माणूस खोटा, हात स्वच्छ असेल तर खरा. युरोपातही हेच होतं: तापलेलं लोखंड हातात धरायचं, हात बांधायचा आणि तीन दिवसांनी सोडून पाहायचा. त्या लोखंडावर मंत्र म्हणायला पाद्री लागे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना या विधीत भाग घ्यायला मनाई केली. देवाचा कौल बंद झाल्यावर माणसांनी एकमेकांचं ऐकून निवाडा करायचा, साक्षीदार तपासायचे, पुरावा तोलायचा, याला पर्याय उरला नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यात ज्युरी आली ती यानंतर चार-पाच वर्षांत. आज आम्ही सत्र न्यायालयात जो उलटतपास घेतो त्याच्या मागच्या पिढ्या शोधत गेलो तर युरोपातल्या त्या बांधलेल्या हातापर्यंत पोचतो. लॉ कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या पुस्तकांत कायद्याचा इतिहास कंपनी सरकारच्या सनदांपासून सुरू व्हायचा.

आता त्या बाई. वय तिशीच्या आसपास, नोकरी करणाऱ्या, कॅथलिक. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांनी एक कागद आणला होता. इंग्रजी टाइप केलेला, खाली चर्चच्या न्यायपीठाचा गोल शिक्का. त्यांचं लग्न कॅनन लॉप्रमाणे मुळातच शून्य होतं, असा निर्णय. मधे चौकशी झाली होती, दोघांचे जबाब झाले होते, चर्चतर्फे लग्नाची बाजू मांडणाराही नेमलेला होता. सगळं शिस्तीत. बाईंनी फोल्डर टेबलावर सरळ ठेवला आणि म्हणाल्या, “मॅडम, पुढच्या महिन्यात माझं दुसरं लग्न आहे. पासपोर्टवरचं नाव बदलायला हा कागद चालेल ना?”

मी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांना सांगितलं, की देशाच्या कायद्यात तुमचं पहिलं लग्न अजून आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात लग्न केलंत तर ते रद्दबातल होईल, आणि दुसऱ्या लग्नाचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो.

हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच ‘मॉली जोसेफ’ खटल्यात स्पष्ट केलं आहे. केरळमधल्या त्या बाईंचं पहिलं लग्न चर्चने शून्य ठरवलं, त्यांनी दुसरं केलं, आणि कोर्टाने दुसरं लग्नच रद्द धरलं. ख्रिस्ती माणसाचा घटस्फोट १८६९ च्या कायद्याने होतो, चर्चच्या निर्णयाने नाही. तो कायदा स्वतः किती जुनाट होता, ते निराळंच. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच सिद्ध करावं लागे. बायकोला व्यभिचार अधिक क्रूरता किंवा टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात ही अट मोडली. संमतीने घटस्फोटाची सोय तर २००१ च्या दुरुस्तीने आली, हिंदूंना ती मिळाल्यावर पंचवीस वर्षांनी.

त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की चर्चचा तो कागद लिहिणाऱ्यांना त्यांचा कायदा उत्तम येत होता, मला माझा येत होता, आणि त्या बाई दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर एकट्या उभ्या होत्या. कॅथलिक विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं खरं काम मला इथे दिसतं. कॉलेजाला संताचं नाव आणि भिंतीवर क्रूस असला म्हणजे ते कॅथलिक लॉ स्कूल होत नाही. माणूस एकाच वेळी दोन कायद्यांखाली जगतो, हे मान्य करून तिथे वकील घडला पाहिजे. आणि ही गोष्ट फक्त कॅथलिकांची नाही. जातपंचायतीची काडीमोड घेऊन येणाऱ्या बाईला आणि तलाकनामा घेऊन येणाऱ्या बाईला असाच वकील हवा असतो.

अमेरिकेत अशी लॉ स्कूलं दीडशे वर्षांची झाली: नोत्रदामचं १८६९ चं, जॉर्जटाउनचं १८७० चं. तिथे शिकणारी बहुतेक मुलं पुढे इतरांसारखीच बड्या फर्ममध्ये जातात, हे खरं आहे. पण त्या परंपरेत फादर रॉबर्ट ड्रायननसारखा माणूसही निपजला. १९५६ मध्येच ते बॉस्टन कॉलेज लॉ स्कूलचे डीन झाले. नंतर व्हिएतनाम युद्धाला विरोध करत अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. १९८० मध्ये पोपने धर्मगुरूंना निवडणुकीचं राजकारण सोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा उभं न राहता जॉर्जटाउनमध्ये मानवी हक्क शिकवायला घेतले. आज्ञा पाळली आणि विचारही सोडला नाही.

आपल्याकडे बंगळुरूच्या क्राइस्ट विद्यापीठाने २००६ मध्ये कायद्याचा विभाग काढला. केरळात १८३१ मध्ये सुरू झालेल्या कार्मेलाइट संघाची ही संस्था. तिच्या लवासाच्या शाखेतही कायदा शिकवतात. महाराष्ट्रातल्या मुलाला कॅथलिक विद्यापीठात कायदा शिकायचा तर मुळशीच्या डोंगरातली ही जागा जवळची. मला तिथली शिस्त, वाचनालय, मूट कोर्ट याबद्दल आदरच आहे. पण पाच वर्षांची फी लाखांत जाते. उमरेडच्या किंवा कामठीच्या मुलीसाठी ते लांबचं घर आहे. नागपुरात २०१६ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, वारंग्याला सुंदर आवार आहे. तिथेही प्रवेशपरीक्षेच्या क्लासपासूनच खर्च सुरू होतो.

एका गोष्टीचं मला राहून राहून वाटतं. दीक्षाभूमीवरच्या डॉ. आंबेडकर कॉलेजात, स्मारक समितीने १९६४ मध्ये काढलेल्या संस्थेत, कायद्याचा वर्ग चालतो. विद्यापीठाच्या लॉ कॉलेजालाही आता बाबासाहेबांचंच नाव आहे. ज्या समाजाकडे जमीन नव्हती, देणगीदार नव्हते, परदेशातला संघ पाठीशी नव्हता, त्याने कायदा शिकणं ही पहिली गरज मानली. दिवसा नोकरी करणारे कारकून, शिक्षक, रेल्वेतली माणसं कायदा शिकली, आणि आज जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये त्यांची मुलं बसतात. टेकडीवरच्या समाजाकडे हे सगळं होतं, घटनेने दिलेला आणि कोर्टाने राखलेला हक्क होता. त्याने शाळा काढल्या, दवाखाने काढले, मुलींना नर्सिंग शिकवलं. त्याबद्दल विदर्भ त्यांचा ऋणी आहे. पण कायदा राहिला. माझ्या मते ती मोठी चूक झाली, आणि ती अजून दुरुस्त करता येते. मोठं विद्यापीठ नको. संध्याकाळचा तीन वर्षांचा वर्ग, मराठीतून शिकवणारे दोन-तीन चांगले प्राध्यापक, शनिवारी सल्ला केंद्र, आणि सेमिनरीतल्या एखाद्या फादरने येऊन शिकवलेला कॅनन लॉ. त्या बदल्यात आमच्यापैकी कुणीतरी वर जाऊन त्या मुलांना १८६९ चा कायदा शिकवावा.

त्या बाईंनी लग्न पुढे ढकललं. पहिल्या नवऱ्याने समजूतदारपणा दाखवला, दोघांनी कौटुंबिक न्यायालयात संमतीचा अर्ज केला. हुकूम हातात आला त्या दिवशी त्या पुन्हा तोच फोल्डर घेऊन आल्या. आता त्यात दोन कागद होते, दोन्हींवर गोल शिक्के. “मॅडम, कुठला कुठे दाखवायचा ते लिहून द्याल का? माझा गोंधळ होतो,” त्या म्हणाल्या. मी पेन्सिलीने एका कागदाच्या कोपऱ्यात ‘चर्च’ लिहिलं, दुसऱ्याच्या कोपऱ्यात ‘सरकार’. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि फोल्डरचं बटण लावलं.